आंब्याच्या वासाचा श्वास

मिनिट ०

खोलीतल्या हवेचा कोरा नमुना. त्यात काहीच दिसायला नको. ई-सिगारेटचा धूर तपासण्याआधी शकुन रोज तो यंत्रात घाली. पडद्यावर सरळ रेघ आली, की मग खरं काम. यंत्र दुरुस्त करायला न्यू टाउनहून आलेला अजेय शेजारीच फोनवर बोलत होता, "जेवलो गं आई... हो, पोळी मिळाली."

पोळी? इथं बंगालमध्ये, मराठीत? शकुननं वळून पाहिलं.

मिनिट ४

रेघेवर एक शिखर उगवलं. मग दुसरं.

"यंत्र अजून बिघडलेलंच आहे," ती मराठीत म्हणाली.

तो दचकला, हसला. "यंत्र ठीक आहे, मॅडम."

"मग हे इथाइल ब्युटिरेट कुठून आलं? फळाचा वास असतो त्याला. सिगारेट ओढता?"

"छे. सिगारेट मी खात नाही."

"खात नाही?"

"इथंच जन्मलो ना... बंगालीत सिगारेट 'खातात'." त्यानं खिशातून पेनाएवढी नळी काढली. "हा नुसता आंबा. आत्ता जिन्यात दोन झुरके..."

मिनिट ९

पडद्यावर डोंगररांग. शकुन एकेका शिखरावर बोट ठेवत गेली. "हे प्रोपिलीन ग्लायकॉल, धूर यानंच होतो. हे छोटंसं — डायअसिटिल. लोण्याचा वास. श्वासातून जास्त गेलं, तर फुप्फुसातल्या बारीक नळ्यांवर व्रण पडतात."

"हे सगळं माझ्या आत?"

पंपानं ओढलेला धूर तिनं शेकडो वेळा पाहिला होता. माणसातून आलेला — पहिल्यांदाच. आणि माणूस आवडू लागला होता, ही पंचाईत.

"तुम्ही जवळ असलात, की माझं काम बिघडतं."

"दूर जाऊ?"

"नळी सोडा... मग या."

एकवीस दिवस

अजेय फिरकला नाही. रेघ रोज सरळ. शकुनला तिचा राग येऊ लागला.

बाविसावा

"सोडली," अजेय दारातूनच म्हणाला. "खोटं वाटत असेल तर तपासा."

त्यानं पिशवीत श्वास सोडला. आंबा नाही. लोणी नाही. फक्त सुरुवातीला एक शिखर — उंच.

"हे काय राहिलं?" त्याचा आवाज पडला.

"आयसोप्रीन. ते शरीरच बनवतं, सगळ्यांच्या श्वासात असतं. पण इतकं... धावत आलात? छाती धडधडली, की वाढतं ते."

"लिफ्टनं आलो. शिवाय दहा मिनिटं दाराबाहेर बसलो होतो."

शकुन त्या शिखराकडे पाहतच राहिली. रक्तातून, फुप्फुसातून, कुणाला न विचारता वर आलेलं. इतकं खरं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

तिनं दुसरी पिशवी घेतली, तिच्यात आपला श्वास भरला आणि त्याच्या हातात दिली.

"आता माझं बघ."