सहा किलोमीटरची सावली

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणणाऱ्यांनी या दोघींना बघायला हवं होतं. पाठीवर बारा-बारा किलोंची सॅक घेऊन चालण्याचा आज एकविसावा दिवस, आणि भांडण झालंच असेल तर तंबूत कोण घोरतं यावरून. नणंद साठीची, जन्मभर शाळेत खेळ शिकवलेली. चढ आला की इतरांना धाप लागते, ही बाई शीळ घालायची! भावजय जमीन मोजण्याच्या खात्यात. नणंद तिला मोजणीबाई म्हणे. मोजणीबाईला तिचं भारी कौतुक. निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "ताईला नीट परत आण. तू हरवलीस तर नकाशा आहे तुझ्याकडे."

त्या नकाशानेच आज घात केला. पाण्याच्या टाकीची खूण बघून मोजणीबाईने सकाळी दोनच बाटल्या भरल्या. तेवढंच ओझं कमी. टाकी होती, पण कोरडी ठणठणीत, तळाला भेगा पडलेल्या. पुढची सहा किलोमीटरवर. दुपारचे बारा वाजलेले आणि सगळ्या माळावर एक झुडूप नाही.

"वन्सं, जरा बसायचं?"

"कुठे, तव्यावर?" नणंद हसली, पण जीभ जड झाली होती. घाम थांबला होता, कपाळ कोरडं आणि लाल. याचा अर्थ मोजणीबाईला ठाऊक होता. माझ्या चुकीपायी ही बाई इथे आडवी होणार!

"ती बघ," नणंद म्हणाली, "सावली."

पन्नासेक पावलांवर, भर वाटेत, दोघी बसतील एवढी सावली पडली होती. मोजणीबाईने वर पाहिलं. ढग नाही, पक्षी नाही. सूर्य असा डोक्यावर असताना माणसाची सावलीही पायांत गोळा होते. हे तर तिचं रोजचं काम. तिने तळहात टेकवला. माती माठाखालच्या मातीसारखी गार होती.

"आता काय मोजणार आहेस का?" नणंदेने बसकण मारली. "आयती मिळालीय, घे की."

थोड्या वेळाने पायांवर ऊन आलं. सावली सरकली होती, पुढे, वाटेनेच. दोघी उठल्या तशी ती चालू लागली. नणंद अडखळली की थांबायची, निघाली की निघायची. काय तो समजूतदारपणा! घरच्या माणसांना इतकं कळत नाही. भ्यायला हवं होतं, पण मोजणीबाईला त्या सावलीचे आभारच मानावेसे वाटले. चालताना सावली एकीपुरतीच उरे. तिने नणंदेला आत ठेवलं आणि स्वतः उन्हातून चालली.

बाहेरून चालताना तिला सावलीच्या कडा दिसल्या. कुठे टोपीचा काठ, कुठे सॅकचा पट्टा, कुठे वाकलेलं कोपर. एकावर एक, कितीतरी.

"वन्सं, बाहेर या."

"वेडी का काय? केवढं गार आहे इथे."

बाहेर काढली तर नणंद उन्हात पाऊण तासही टिकणार नव्हती. मोजणीबाईने तिला बाहेर ओढलं नाही.

तीनच्या सुमारास टाकी आली. काठोकाठ भरलेली.

नणंद ओंजळी भरभरून प्यायली. डोक्यावर पाणी ओतलं. चेहऱ्यावर रंग आला.

सावली थांबली नाही. आल्या वाटेने परत फिरली. तिकडे दूरवर आणखी दोन ठिपके चालत येत होते.

"वाचलात हो, वन्सं!" मोजणीबाई तिच्या गळ्यात पडून रडली.

"मला काय होतंय गं!" नणंद टाकीच्या ओट्यावर भर उन्हात उभी राहिली आणि बाटली तोंडाला लावली. "ऊन लागतच नाही बघ आता."

मोजणीबाईने डोळे पुसून खाली पाहिलं. टाकीची सावली तिरपी पडली होती. तिची स्वतःची पडली होती. आणि त्यांच्या पलीकडे, लख्ख ओट्यावर, बाटलीची सावली तेवढी हलत होती, एकटीच.