शून्य क्रमांकाची विहीर

नऊ विहिरी. नऊ यंत्रे. नऊ सिमकार्डे. आणि दहावे, कोरे यंत्र अकोल्याच्या ऑफिसातल्या कपाटात.

१३ मे, सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे एवढेच होते. मी स्वतः मोजले होते. पुढचा एकही आकडा मी रचलेला नाही. सगळे साठवून ठेवले आहेत.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि लगेच या कामाला लागले. भातकुली तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची. विहिरीच्या तोंडाशी बसवलेले यंत्र खाली आवाज सोडते, तो आदळून परत येतो, त्यावरून अंतर कळते. दर पंधरा मिनिटांनी यंत्र नेटवर्कवरून सहा आकडे पाठवते.

नुसते आकडे. त्यांना अर्थ माझा प्रोग्राम देतो. पहिला आकडा म्हणजे विहिरीचा क्रमांक. दुसरा-तिसरा मिळून अंतर : दुसऱ्याला २५६ ने गुणायचे, तिसरा मिळवायचा, की सेंटिमीटर मिळतात. चौथा तापमान, पाचवा सेलची ताकद, सहावा आधीच्या पाचांची बेरीज. बेरीज जुळली की त्या आकड्यांची एक विहीर बनते. स्क्रीनवर निळा गोल उमटतो. आणि यंत्राला उत्तर जाते : मिळाले.

अनोळखी क्रमांक आला तर? त्याला नाकारायला हवे. मी नाकारले नव्हते. आमचे फिटर बंडूभाऊ न सांगता नवे यंत्र बसवून यायचे, मग मला धावपळ. म्हणून सोय केली : कोणीही आले तरी आधी विहीर बनवा, उत्तर द्या, चौकशी नंतर.

१४ मे, मंगळवारी दुपारी १२:३१ ला मी जेवणाचा डबा उघडला आणि स्क्रीनकडे पाहिले.

दहा गोल...

दहाव्याचा क्रमांक शून्य. कोऱ्या यंत्राचा क्रमांक शून्यच असतो, जागेवर बसवल्यावर खरा भरतात. मी कपाट उघडले. खोका रिकामा. म्हणजे बंडूभाऊंनी नेले, नेहमीसारखे न सांगता. मला हसू आले.

मग मी आलेले आकडे उघडले.

पहिला संदेश १२:१० चा. ०, ७, ४८, २६, ८८, १६९. बेरीज बरोबर. अंतर १८.४० मीटर.

१२:११ ला १७.९५.

१२:१२ ला १७.५०.

पंधरा मिनिटांनी नाही. दर मिनिटाला. आणि दर मिनिटाला बरोबर पंचेचाळीस सेंटिमीटर कमी...

मे महिन्यात विहिरीचे पाणी असे चढत नाही.

बंडूभाऊंना फोन लागायला पाच प्रयत्न आणि अकरा मिनिटे गेली. तोवर अंतर ३.५५ झाले होते.

“बोला मॅडम! जेवल्या का?”

“कुठे आहात?”

“खुशालरावच्या वावरात. नवीन विहीर. काठावर बसून क्लॅम्प कसून राहिलो.”

“यंत्र चालू केलंत?”

“कायचं चालू? मशीन थैलीत हाय, सेल माह्या खिशात. तुमी कावून घाबरून राहिल्या?”

“विहिरीत पाणी आहे?”

“थेंब नाई. खडंग कोरडी. अठरा-साडेअठरा मीटर असंन.”

मी त्यांना आकडे वाचून दाखवले. ते हसले. “उन्हानं प्रोग्राम येडा झाला तुमचा. त्याले कांदा हुंगवा.”

“भाऊ, काठावरून मागे व्हा. आत्ताच्या आत्ता.”

“झालो बाप्पा, झालो. दहा पावलं मांगं हाय मी.”

मागून एक म्हातारा आवाज आला. वावराचे मालक, खुशालराव. “का म्हणते ते पोरगी?”

बंडूभाऊंनी सांगितले.

“तिले विचार,” खुशालराव म्हणाले, “तिनं ओ देल्ली का? म्या पयलेच सांगतलं होतं, ही विहीर नोका घेऊ. इथं बारा ते एक कोनी हाक मारली त आमी तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देत नाई. मानूस असंन त चौथ्यांदा बलावते.”

मी मोजले. माझ्या प्रोग्रामने छत्तीस वेळा उत्तर दिले होते.

अंतर २.६५.

प्रोग्राम बंद केला असता तर ते कुठवर आले हे कळलेच नसते. म्हणून मी फक्त उत्तर देणे बंद केले. ऐकणे चालू ठेवले.

१२:४६. अंतर २.२०. उत्तर गेले नाही.

पुन्हा २.२०. उत्तर नाही.

पुन्हा २.२०...

आमचे यंत्रही असेच करते. उत्तर मिळाले नाही तर तेच आकडे तीनदा पाठवते, मग थांबते. मी घड्याळ पाहत बसले. वीस सेकंद. चाळीस. नवा संदेश आला नाही.

मी श्वास सोडला. एक शब्दही बोलले नव्हते.

“ओ!” बंडूभाऊ म्हणाले.

फोनमध्ये नाही. तोंड दुसरीकडे करून, मोठ्याने.

“ओ मॅडम! तुमी खाली कावून उतरल्या?”

“भाऊ, मी ऑफिसात आहे! भाऊ!”

फोन कटला.

स्क्रीनवर अंतर ०.०० आले. पुढच्या मिनिटाला १८.४०. मग काहीच नाही.

मी अडीच वाजता तिथे पोचले. खुशालराव निंबाखाली बसून होते. “मी घागरीकडं वळलो होतो,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “हासत हासत गेला थो, आवाज आयकला म्या.” काठावर बंडूभाऊंच्या चपला होत्या. दोर खुंटाला तसाच, गुंडाळलेला. थैलीत यंत्र, सील न उघडलेले.

संध्याकाळपर्यंत तीन माणसे विहिरीत उतरली. तळाला कोरडी माती. उडीची खूण नाही, पाऊल नाही, रक्त नाही. मोजपट्टी टाकली, तोंडापासून तळ १८.४० मीटर. आजूबाजूची वावरे पालथी घातली.

बंडूभाऊ सापडले नाहीत. त्यांच्या पत्नी पार्बताबाई दर सोमवारी ऑफिसात येतात. “काई आलं का?” विचारतात. मी “नाही” म्हणते. बेपत्ता असल्याची नोंद त्यांनी माझ्यासमोरच लिहून दिली : वय ४३, रंग सावळा, उंची १.६८ मीटर.

यंत्र आता माझ्या टेबलावर आहे. सील मी फोडले, आत सिमकार्ड नाही. सेल त्यात कधी घातलेच नव्हते. अनोळखी क्रमांक प्रोग्राम आता नाकारतो. विहीर बनवत नाही, उत्तर देत नाही. आलेले आकडे फक्त एका बाजूला लिहून ठेवतो.

रोज दुपारी बारा ते एकच्या मधे तिथे एक संदेश असतो. तीनदा, तोच.

आजचा १२:४६ चा. क्रमांक शून्य. बेरीज बरोबर. तापमान ३७. अंतर १६.७२ मीटर.

तळापासून १.६८ मीटर.