बादलीतला फोन

“अजून दोन डबे हवेत! नाहीतर तराफा तळ्याच्या मधोमध बुडेल आणि सगळ्यात आधी भुंगा तळाला जाईल!” वकील ओरडली.

“मीच का?” भुंगा फुरंगटला.

“कारण सगळ्यात जास्त तूच खातोस!”

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि गच्चीवर रिकाम्या डब्यांचा ढीग जमला होता. वकील तेरा वर्षांची. वाद घालायला तिला विषय लागत नसे, म्हणून हे नाव. भुंगा तिचा धाकटा भाऊ, सदानकदा गुणगुणणारा. आणि डब्यांना दोरी आवळत होती ती शिडी. उंचीत ती दोघांना मागे टाकून गेली होती. तिची आई इमारतीचे जिने पुसायची आणि सगळे तिला मावशी म्हणायचे. मायलेकी तळमजल्यावर पंपाशेजारच्या खोलीत राहत. काम होतं तोवर खोली होती.

एवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला.

“बघा! सगळ्यांनी बघा! नवा कोरा फोन हिनं बादलीत घातला!”

तिघं धडाधड जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीकाका उभे होते. इमारतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि आवाजही त्याच मापाचा! त्यांच्या हातातल्या फोनमधून पाणी ठिबकत होतं. समोर मावशी ओलं फडकं घेऊन उभी होती.

“साहेब, मी वरच्या नळावर फडकं धुवायला गेले होते,” मावशी म्हणाली. “खाली आले तर तुम्हीच बादलीतून फोन काढत होतात. मी हातसुद्धा लावला नाही.”

“अस्सं! म्हणजे फोननं स्वतःहून उडी मारली?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. दारादारांत माणसं उभी होती, त्यात वकीलची आईही होती. सगळे बघत होते. बघण्यात आपली माणसं फार तरबेज!

“चप्पल घालायला म्हणून मी फोन कठड्यावर ठेवला,” काका सांगू लागले. “हिचा धक्का लागला, आणि वर खोटं बोलते! आज सहाला सभा बोलावतो. उद्याच्या उद्या खोली रिकामी व्हायला हवी!”

शिडीनं जिन्याचा कठडा घट्ट धरला. खोली गेली म्हणजे शाळा गेली, मित्र गेले, सगळंच गेलं. तेवढा हिशेब तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काकांची नजर वकीलवर पडली. “ए वकील, इकडे ये! हा फोन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीला दाखव आणि पाण्यामुळे बिघडला असं तिच्याकडून लिहून आण. सभेत कागद लागेल. पळ!”

मोठ्या माणसांना मुलं फक्त निरोप न्यायलाच दिसतात. त्यांना डोळेही असतात, हे काका साफ विसरले.

तिघं तसेच पळाले. दुकान जेमतेम हात पसरण्याएवढं होतं. भिंगाच्या दिव्याखाली मान घालून दुरुस्तीवाली ताई काम करत होती. तिनं वर न बघताच फोन घेतला.

“कधी पडला?”

“आत्ता. अर्धा तास झाला,” वकील म्हणाली.

“चार्जिंगला लावलात? गरम वारा दिलात? तांदळात खुपसलात?”

“नाही हो! सरळ इकडेच आणला.”

“शहाणे आहात. लोक डब्यात तांदूळ ओततात, त्यात फोन पुरतात आणि चार दिवसांनी माझ्याकडे रडत येतात. अरे, तांदूळ काय आत शिरून पाणी पुसून काढणार आहे? तोवर आत गंज चढतो!”

ताईनं पाठ गरम करून हळूच उचकटली, बारीक पेचकसानं स्क्रू काढले आणि एकदम थांबली.

“अर्धा तास म्हणालात?”

“हो.”

“मग हे काय?”

तिघांनी भिंगावर डोकी आपटली. फोनच्या पोटात हिरवट-पांढरा थर माजला होता. स्क्रूही तांबूस पडले होते.

“हा गंज अर्ध्या तासातला नाही. तीन-चार दिवस तरी झालेत,” ताई म्हणाली. मग तिनं चार्जिंगच्या भोकात बारीक चिमटा घातला आणि पांढरं काहीतरी ओढून काढलं.

“दात!” भुंगा किंचाळला.

“दात कसला, बावळटा! तांदळाची कणी आहे. कोरडी असताना आत गेली, मग पाण्यात फुगली आणि अडकून बसली.”

वकीलचे डोळे चमकले. “थांबा, थांबा! आधी फोन भिजला. मग तांदळात ठेवला. आणि त्यानंतर बादलीत गेला!”

“म्हणजे बादलीत पडला तेव्हा तो मेलेलाच होता,” शिडी म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

“ताई, हे सगळं लिहून द्या ना!”

“मला तुमच्या भांडणात ओढू नका. सेक्रेटरी माझं जुनं गिऱ्हाईक आहे.”

“आम्हाला उद्या खोली सोडायला सांगितलीय,” शिडी म्हणाली. “आईनं फोनला हातही लावला नव्हता.”

ताईनं मान वर केली. शिडीकडे बघितलं आणि कागद पुढे ओढला.

“दोन चिठ्ठ्या कराल?” वकीलनं हळूच विचारलं. “एकीवर फक्त ‘पाण्यामुळे बंद’ एवढंच लिहा. काकांना तेवढंच हवंय!”

“खोटं नाहीच ते,” ताई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. तिनं कणी एका प्लास्टिकच्या पुडीत घालून दिली.

परतल्यावर काकांनी फोन घेतला, पहिली चिठ्ठी वाचली आणि खूश होऊन खिशात टाकली. “शाब्बास!” दुसरी चिठ्ठी भुंग्याच्या मोज्यात होती.

शिडीनं धावत जाऊन आईला सगळं सांगितलं. “बरं झालं,” मावशी म्हणाली आणि पेटीत कपडे भरत राहिली.

“अगं आई, आता कशाला भरतेस? आपण जिंकणार आहोत!”

मावशीनं आणखी एक साडी घडी घालून पेटीत ठेवली. दुपारी ती एकटीच कुठेतरी जाऊन आली.

सहा वाजता गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या. मध्ये अध्यक्ष आजोबा बसले. काकांनी चिठ्ठी वाचून दाखवली. “पाण्यामुळे बंद! आणखी काय पुरावा हवा?”

“काका, एक विचारू?” वकील उभी राहिली. “फोन बादलीतून काढल्यावर तुम्ही तांदळात ठेवला होता का?”

“छे! मी काय अडाणी आहे? तसाच तुझ्या हातात नाही का दिला?”

“आणि त्याआधी? बादलीच्या आधी तो कधी भिजला होता?”

“मुळीच नाही! आठ दिवसांपूर्वी तर आला, माझ्या मुलानं परदेशातून पाठवलाय!”

“मग ही दुसरी चिठ्ठी ऐका!” वकीलनं ती खणखणीत आवाजात वाचली. गंज, तीन-चार दिवस, फुगलेली कणी. भुंग्यानं पुडी सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवून आणली.

काका लालबुंद झाले. “हे... हे त्या दुकानदारणीचं...”

तेवढ्यात मागून सेक्रेटरीकाकू म्हणाल्या, “अहो, म्हणजे रविवारी टाकी बघताना पाण्यात पडला तो हा फोन? मला तर म्हणालात, जुना आहे, वाळत ठेवलाय! चार दिवस माझा तांदळाचा डबा अडवून बसलात!”

सभा हसून हसून लोळली. काका खुर्चीत बसले, की पडले, ते नीट कळलं नाही.

“मुलाला काय सांगणार होतो?” ते पुटपुटले. “आठ दिवसांत टाकीत घातला म्हणून? बादली दिसली... सोडला झालं.”

“कमाल केलीत पोरांनो!” अध्यक्ष आजोबा उठून उभे राहिले. टाळ्या वाजल्या. कोणी वकीलची पाठ थोपटली, कोणी भुंग्याचा गाल ओढला. मग आजोबा मावशीकडे वळले. “तर मावशी, झालं गेलं विसरून जायचं. उद्यापासून नेहमीसारखं काम सुरू करा.”

“नाही साहेब. मला दुसरं काम मिळालंय. कपडे धुण्याच्या कारखान्यात, शहराच्या पार त्या टोकाला. बहिणीकडे राहू.”

शिडी आईकडे बघतच राहिली.

“अहो, पण तुमची चूक नव्हती हे आता आम्ही सगळेच म्हणतोय!”

“तुम्ही नाही म्हणत साहेब, तो कागद म्हणतोय,” मावशी शांतपणे म्हणाली. “अकरा वर्षं तुम्ही गावाला गेलात की घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. सकाळी जिन्यात एवढी माणसं होती. मावशी असं करणार नाही, असं एकानं तरी म्हणायचं होतं.”

काकूंनी पदराला उगाच पीळ घातला. सेक्रेटरीकाकांनी माफी मागितली नाही, आणि त्यांना मागा असं कोणी सांगितलंही नाही.

“आपण जिंकलो होतो ना?” शिडीनं वकीलला विचारलं. अख्ख्या इमारतीशी वाद घालणाऱ्या वकीलनं तिला नुसती मिठी मारली आणि भुंगाही दोघींना येऊन बिलगला.

मग मावशीनं हाक मारली आणि शिडी पेटीचं दुसरं टोक धरायला गेली.

खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या. वकीलची आई कौतुकानं लेकीजवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. “सगळे काय म्हणतायत माहितीये? ही खरंच मोठी वकील होणार!”

“आई, सकाळी तू का गं बोलली नाहीस?”

“मला काय ठाऊक, बाई, खरं काय ते!”

“मलाही ठाऊक नव्हतं,” वकील म्हणाली.

आईनं पाठीवरचा हात काढून घेतला.