परतीचा स्वीप

पुण्यात सहा वर्षं बँडमध्ये गिटार वाजवून मी शहाद्याला परत आलो आणि शिकवण्या घेऊ लागलो. येणाऱ्या प्रत्येकाला आठ दिवसांत वेग हवा असायचा. माझी पद्धत साधी होती. विद्यार्थी चुकला की त्याचीच चूक मी जास्त वाईट करून वाजवून दाखवायचो. निम्मे तिथेच गळायचे. गळू देत.

ब्राह्मणपुरीच्या कामिनीबेन गळल्या नाहीत. वय चाळिशीपुढचं, केळी-कापसाचं घर, नखांत माती, आणि बाईंना शिकायचं होतं स्वीप पिकिंग. दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचो. माडीवरच्या खोलीत छातीएवढ्या उंचीचा कापूस भरलेला होता. टाळी वाजवली तरी आवाज जागीच मरायचा. सरावाला याहून चांगली खोली नाही, एवढं मान्य करतो.

"हात झाडूसारखा फिरवा," मी सांगायचो. "एकाच ओढीत जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, पाच तारा, पाच स्वर. डाव्या हाताचं बोट लगेच उचला, नाहीतर सगळ्या स्वरांची खिचडी होते."

मग त्यांची खिचडी वाजवून दाखवायचो. त्या मान खाली घालून ऐकायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

महिनाभर मी त्यांना फक्त खाली जायला शिकवलं. उलटं, बारीक तारेकडून परत वर येणं अवघड. ते यांना जमणार नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

पाचव्या रविवारी जिना चढताना मला दोन्ही ऐकू आलं. खाली, आणि परत वर. परतीचे पाचही स्वर सुटे, स्वच्छ.

"वर यायला कुठे शिकलात? मोबाइलवर?"

"मी फक्त खाले जास, सर," त्या म्हणाल्या. "वर कोन येस, माले माहीत नही."

मी हसलो. वाजवा म्हटलं. त्यांचा हात बारीक तारेवरून उतरला आणि मांडीवर थांबला. परतीचे स्वर आले.

स्वर मागाहून पुन्हा ऐकवणारा अँपवरचा डिले तपासला. बंद होता. केबल उपसली. आता नुसत्या तारांचा किरटा आवाज. तरी आले. पुढच्या वेळी हात खाली येताच मी त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

तरी आले.

त्यांच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, चहा घेऊन वर आल्या. "आज सरबी वाजाडी ऱ्हायनात का?"

माझी गिटार अजून पिशवीतच होती.

"आणा इकडे," मी कामिनीबेनना म्हणालो. त्यांची गिटार घेतली आणि स्वीप खाली मारला. सहा वर्षं बँडमध्ये मुरलेला हात होता माझा.

उत्तर आलं. दुसरा आणि तिसरा स्वर एकमेकांत लडबडलेले. ती माझ्याच, उशिरा उठणाऱ्या मधल्या बोटाची खोड होती. मला आजवर कधी ऐकू न आलेली, जास्त वाईट करून वाजवलेली.

मी पुन्हा मारला. पुन्हा तेच आलं. या वेळी सावकाश, मला नीट कळावं म्हणून.

"माले बी पहिले असंच करे," कामिनीबेन खाली बघत म्हणाल्या. "मंग मी घाई सोडी दिधी."

आवाज बंद करायला मी उजवा तळवा तारांवर दाबला.

तळव्याखाली बारीक तार कुणी छेडल्यासारखी आत दबली. मग तिच्या वरची. मग तिसरी. अजिबात घाई नव्हती.

डावा हात अजून पट्टीवरच होता. त्याचं मधलं बोट कुणीतरी अलगद उचललं. अगदी वेळेवर.