सर्वांत हळू बोलणारा

चंद्रावरच्या विवर-वसाहतीतल्या गावणकरांच्या घराचं आतलं दार सकाळी नऊ वाजता अडकलं. दाराची नवी प्रणाली पॅनेलवर चढता चढता अर्ध्यातच तुटली होती. शारंग गावणकर बाहेरून नुकताच परतला होता. तो दोन दारांमधल्या निर्वात दाबकक्षात अडकला. सुटाच्या टाकीत अठ्ठावीस मिनिटांचा प्राणवायू होता आणि मदतपथक दीड तासावर.

आतल्या बाजूने त्याची बायको केतकी घरच्या साठवणपेटीतून पॅनेलकडे अख्खी प्रणाली पुन्हा पाठवत होती. फाइल तीन हजार मेगाबाइटची, वेग सेकंदाला एक. म्हणजे पन्नास मिनिटं.

"घरातलं काय काय बंद केलंस?" भिंतीतल्या तारेच्या फोनवरून बोरवणकरांनी विचारलं. वसाहतीचं संदेशजाळं तेच सांभाळत.

"सगळं, काका. तुळशीच्या कुंडीतला ओलावामापकसुद्धा."

"मग कुणीतरी जुनं यंत्र राहिलंय. बिनतारी जाळं म्हणजे एकाच माइकवरची सभा. एक बोलतो तेव्हा बाकीचे गप्प. सावकाश बोलणारा असला, की तो माइक सोडतच नाही. जाळ्यात अजून कोण दिसतंय?"

केतकीने यादी पाहिली. पेटी आणि पॅनेल सोडून एकच नाव होतं.

"ह्याचा सूट. सासऱ्यांचा आहे, अठरा वर्षांचा. तीनदा सांगितलं, नवा घे."

"अंगाला बसलाय," पॅनेलमधून शारंगचा आवाज आला. "बाबा सहाशे वेळा बाहेर जाऊन आले ह्यातून."

"ते आले. तू ये आधी!"

"भांडू नका," बोरवणकर म्हणाले. "हे जुने सूट प्रत्येक श्वासाची नोंद पाठवतात. श्वास चालू तोवर बोलणं चालू. शारंग, संदेशयंत्र बंद कर. वेग दुप्पट होईल, पंचवीस मिनिटांत कक्षात हवा भरून दार उघडेल. फक्त टाकीतल्या शेवटच्या दहा मिनिटांचा दाब कमी असतो. जपून श्वास घे."

"म्हणजे मला ह्याचं काही कळणार नाही?" केतकीने विचारलं.

"नाही."

"पंचवीस मिनिटं मी गप्प," शारंग म्हणाला. "लग्नानंतर पहिल्यांदाच. एन्जॉय कर."

वेग दोनवर गेला. दाराच्या दोन थरांमध्ये हवा नव्हती, त्यामुळे ठोकूनही काही ऐकू येत नव्हतं. केतकी आकड्याकडे पाहत राहिली.

चौथ्या मिनिटाला वेग एकवर घसरला. पाच सेकंदांनी पुन्हा दोन.

"काका, कुणीतरी बोललं!"

"तोच. संदेशयंत्र चालू करून बंद केलं असणार. सेकंद वाया घालवतोय."

"घालवू दे."

आठव्या मिनिटाला पुन्हा तेच. बाराव्या, सोळाव्या मिनिटालाही. केतकी आता घसरणीचीच वाट पाहत होती. विसाव्या मिनिटाला वेग एकवर आला.

पाच सेकंद झाले. तीस झाले. वेग चढला नाही.

"बंद कर ना रे," ती दाराला म्हणाली. "काका, हा बंद का करत नाहीये?"

"पुन्हा बटण दाबायला हातात त्राण नसेल. किती राहिलंय?"

"सहाशे."

बोरवणकरांनी हिशेब मोठ्याने केला नाही. या वेगाने दहा मिनिटं लागणार होती. टाकीत आठ होती, तीही बेभरवशाची.

केतकीने दाराला दोन्ही तळवे लावले. एकविसावं मिनिट गेलं. बाविसावं, तेविसावं. आकडा एकवरच होता.

चोविसाव्या मिनिटाला तो दोनवर उडाला.

"गेला दोनवर!" केतकी ओरडली. "काका, बंद केलं त्याने! आता तीन मिनिटांत होतंय!"



"केतकी, त्याने बंद केलेलं नाही. नीट ऐक," बोरवणकर म्हणाले. "दार उघडलं की आधी हेल्मेट काढ. त्याला पाठीवर आडवा कर आणि छाती दाबायला लाग. मोजत दाब. मी इथे मोजतो तुझ्याबरोबर."

केतकीने आकड्याकडे पाहिलं. दोन. एकदाही न हलता, दोन.