दशांशानंतरची तिसरी जागा

ही गोष्ट खरी आहे. मी विज्ञान शिकलेली मुलगी, भुताची गोष्ट ऐकताना आधी आकडे मागणारी. म्हणून इथेही आकडेच देते. पटत नसेल त्याने बेरीज करून बघावी.

रात्र वगैरे नव्हती. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. ऑफिसात लख्ख ऊन.

आमचं ऑफिस लहान आहे. जुन्या भिंती, पूल, टाक्या यांच्या भेगा वाढताहेत का, यावर आम्ही लक्ष ठेवतो. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी इथे लागले आणि मावशीकडे राहायला आले. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, टेकडीवरच्या तलावाच्या पंपघरात ऑपरेटर आहेत. पंपघर तलावाच्या दगडी भिंतीला चिकटून आहे. काकांची खुर्ची तर थेट त्या भिंतीलाच टेकलेली.

त्या भिंतीत एक भेग आहे.

ती भेग बावीस वर्षं एकाच माणसाने मोजली. मी त्यांना कधी पाहिलं नाही. सगळे त्यांना मायक्रॉनराव म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. भेगेवर घड्याळासारखं एक डायल बसवलंय, त्याचा काटा तेवढं बारीक दाखवतो. मायक्रॉनराव रोज दुपारी तीन दहाला भिंतीच्या पोटातल्या अरुंद बोळात जायचे. काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून डायलच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायचे. मग वहीत आकडा लिहायचे, दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत. वय विचारलं तरी दशांशात सांगायचे, असं काका म्हणतात.

पुढे सेन्सर आला आणि त्यांना निवृत्त केलं. आठ दिवसांत ते झोपेतच गेले.

त्यांच्या वहीतली शेवटची नोंद ३.४१२ मिलीमीटर.

सेन्सर रोज सकाळी सहाला एकच आकडा पाठवतो: कालपासून भेग किती मिलीमीटर वाढली. तो साठवायला संगणकातल्या टेबलात एक रकाना हवा होता. रकान्याचा प्रकार, म्हणजे त्यात आकडा कसा साठवायचा, ते ठरवायचं काम माझं.

आधी मी फ्लोट निवडला. फ्लोटची एक खोड आहे. एक तृतीयांश जसा दशांशात कधीच पुरा लिहून होत नाही, तसा साधा ०.१ सुद्धा फ्लोटला पुरा लिहिता येत नाही. तो जवळपासचा आकडा ठेवून देतो. चाचणीत मी ०.१ आणि ०.२ मिळवले, तर पडद्यावर आलं ०.३०००००००००००००००४.

"ही शेपटी कसली?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख.

"फ्लोट आहे ना मॅडम, म्हणून..."

"काप. भिंत पडायच्या आधी माझं डोकं फिरेल हे वाचून."

मग मी डेसिमल घेतला. त्यात आकडा जसाच्या तसा राहतो. फक्त दशांशानंतर किती जागा हव्यात, ते आधी सांगावं लागतं.

"रिपोर्टात किती छापतो आपण?" मी विचारलं.

"दोन. मग दोनच ठेव. तिसरा आकडा म्हणजे ऊन-वाऱ्याचा खेळ. त्याला कोण विचारतंय?"

मलाही ते शास्त्रशुद्ध वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण निर्णय माझा होता. छापायला किती आकडे लागतात आणि साठवायला किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन टाकलं.

नंतर रोज एकच आकडा येत गेला. ०.००. ०.००. ०.००. आलेख सपाट. "भिंत गाढ झोपलीय," मॅडम म्हणायच्या.

मग तो मंगळवार आला.

मी टेबल उघडून बसले होते. खोलीत मी एकटीच. डोक्यावरचा पंखा अचानक घरघरायचा थांबला. फिरत होता, पण आवाज नव्हता.

आणि मग... टक. टक.

काचेवर नख वाजावं तसं. मी खिडकीकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

वळून पडद्याकडे पाहिलं, तर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं...

०.००४

मी डोळे चोळले. टेबल पुन्हा उघडलं. ०.००.

बुधवारी मी तीनला पाच कमी असतानाच दार लावून बसले. प्रयोग म्हटला की निरीक्षण पुन्हा जुळायला हवं. तीन दहाला पंख्याचा आवाज गेला. टकटक झाली. या वेळी मला कळलं, आवाज खिडकीचा नव्हता.

तो मॉनिटरचा होता.

काचेच्या... आतून.

अकरा ओळींत तिसरा आकडा आला होता. मी रकान्याचा प्रकार तपासला. दशांशानंतर दोन जागा. ज्या रकान्याला दोनच जागा आहेत त्यात तिसरा आकडा राहूच शकत नाही. दोन माणसांच्या बाकावर तिसरा बसला तर निदान दाटी तरी होते. इथे दाटीही नव्हती. तो आरामात बसला होता.

नोंदीची वेळ सकाळी सहा असायला हवी. त्या अकरा ओळींत होती १५:१०.

नोंद करणाऱ्याच्या नावाची जागा... रिकामी.

ते मी कोणाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? त्या रात्री जेवताना काका म्हणाले, "काय गं, आज गप्प गप्प? आकड्यांशी भांडण झालं का?" मी हसले.

गुरुवारी वही आणि पेन घेऊन बसले.

तीन दहाला सगळ्याच्या सगळ्या ओळी बदलल्या. सेन्सर बसल्यापासूनचे एकशे चाळीस दिवस. कुठे ०.००३, कुठे ०.००४. मी वेड्यासारखी उतरवत सुटले. हात दुखायला लागला. शेवटचा आकडा लिहिला, पेन ठेवलं, आणि पंखा पुन्हा घरघरू लागला.

पडद्यावर परत ०.००.

मी बेरीज केली. ०.००३ तेहेतीस वेळा, ०.००४ एकशे सात वेळा. एकूण ०.५२७.

०.००४ दोन जागांत बसवला की होतो ०.००. रोजचा फरक इतका लहान होता की रोजच्या रोज शून्य होत होता. भेग दररोज वाढत होती, आणि माझा रकाना दररोज ती वाढ पुसून टाकत होता. वर्षात अर्ध्या मिलीमीटरहून जास्त वाढ झाली तर तलावाचं पाणी उतरवायचं, असा नियम आहे. पाच महिनेही झाले नव्हते.

आणि काकांची पाठ त्या भिंतीला लागलेली.

मी स्कूटर काढली. वहीतले आकडे खरे की माझ्या डोक्यातले, हे सांगू शकणारी एकच गोष्ट होती. ते डायल.

बोळात शिरले. तिथे पाणी ठिबकतं, असं काकांकडून शंभर वेळा ऐकलं होतं.

आज ठिबकत नव्हतं. माझ्या श्वासाशिवाय कसलाच आवाज नाही.

डायल सापडलं. पाच महिन्यांची धूळ काचेवर जाड बसली होती. फक्त मध्ये, काट्याच्या बरोबर वर...

नखाएवढ्या दोन जागा स्वच्छ होत्या.

मी टॉर्च तोंडात धरली आणि वाचलं. ३.९३९.

३.४१२ अधिक ०.५२७. करून बघा.

धावतच पंपघरात गेले. काका खुर्चीत रेलून रेडिओ ऐकत होते.

"काका, उठा. बाहेर चला. आत्ता."

"अगं, श्वास तर घे. काय झालं?"

"भेग वाढलीय. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त."

"अर्धा मिलीमीटर!" काका हसले. "माझ्या डोक्यावरचा केस त्याहून जाड असेल."

"तुमच्या डोक्यावर केस कुठे आहेत, काका? उठा ना!"

"हे बघ पोरी, पंप बंद केला तर अर्ध्या गावाच्या नळाला पाणी नाही. तुझ्या त्या दशांशासाठी मी खुर्ची सोडू? मॅडमचा कागद आण, मग बघू."

"कागद येईपर्यंत थांबायला वेळ नाही. मावशीला मी काय तोंड दाखवू?"

मी वही त्यांच्या हातात कोंबली. काकांनी चष्मा चढवला. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो. तासाभरापूर्वी."

"मायक्रॉनरावांना कधी भेटली होतीस?"

"नाही. का?"

काकांनी पान माझ्यासमोर धरलं. अक्षर माझंच होतं. पण प्रत्येक ओळीत तिसऱ्या आकड्याखाली एक लहानशी रेघ होती. एकशे चाळीस रेघा. डावीकडून वर उचललेल्या, टोकाला किंचित वळलेल्या.

त्या मी मारल्या नव्हत्या.

"तो माणूस इथे बसून चहा पिता पिता अश्शा रेघा मारायचा," काका म्हणाले. "रोज."

मग ते उठले, पंप बंद केला, भिंतीवरचा मावशीचा फोटो काढून खिशात घातला आणि माझ्या आधी बाहेर पडले.

मॅडमनी स्वतः बोळात जाऊन डायल वाचलं. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, हे त्यांचे उपकार. संध्याकाळपर्यंत तलावाची दारं उघडली. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीचा खालचा थर वीतभर सरकला आणि पंपघराची मागची बाजू आत आली. पाणी बरंच उतरलं होतं, म्हणून तेवढ्यावर भागलं. चिखल काढताना काकांची खुर्ची सापडली. तिला पाठ उरली नव्हती.

काका ती गोष्ट हल्ली रंगवून सांगतात. "मला हजाराव्या भागाने वाचवलं," म्हणतात. मावशी त्यांना गप्प बसवते.

खरं तर इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण तोच रकाना, तोच प्रकार, मी आणखी चौदा ठिकाणी वापरला होता. त्याच आठवड्यात मी सगळ्या टेबलांत तिसरी जागा वाढवली. नवे आकडे आता पूर्ण येतात. जुन्यांचं काही करता येत नाही. कापलेला आकडा कुठे पडून राहत नाही, की वाकून उचलावा. जागा वाढवली की ०.०० चा ०.००० होतो, एवढंच. आणि सेन्सर बसवताना त्या चौदा ठिकाणची जुनी डायलं काढून टाकली होती. मधल्या महिन्यांत तिथल्या भेगा किती वाढल्या, हे जगात कोणालाही माहीत नाही.

माणसं जाऊन एकेक ठिकाण नव्याने तपासताहेत. नऊ झाली. पाच राहिलीत. त्यातल्या एका टाकीला लागून बालवाडी आहे. एका पुलाखाली भाजीबाजार भरतो.

रोज दुपारी तीन वाजता मी दार लावते आणि ती पाच टेबलं उघडून बसते. पंख्याकडे कान लावते. मला भीती वाटत नाही, उलट कोणीतरी यावं म्हणून मी तिथे बसते.

अजून काही आलेलं नाही.

त्या पाच भेगा आधी कोण मोजायचं, याची मी चौकशी केली. नावं मिळाली, पत्ते मिळाले. सगळे निवृत्त होऊन आपापल्या घरी आहेत.

पाचही जण... ठणठणीत जिवंत आहेत.