डोळा शाबूत, तरी अंधार

पवनचक्कीची दुरुस्ती करताना इरावतीची आई शिडीवरून पडली आणि तिची भुवई आपटली. डाव्या डोळ्याला ओरखडाही नव्हता. बुबुळ स्वच्छ, भिंग स्वच्छ. तरी त्या डोळ्याने तिला काहीच दिसत नव्हतं. हे असं कसं, हे अकरा वर्षांच्या इरावतीला कळेना.

साल होतं २०५८. आईला ठेवलं होतं त्याच रुग्णालयात तिचे वडील, म्हणजे इरावतीचे आजोबा, आबा, डोळ्यांच्या पेशींवर संशोधन करत. इरावतीने त्यांनाच गाठलं.

आबांनी संगणकावर आईच्या दृष्टिपटलाचं (डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पातळ पडदा) चित्र उघडलं. त्यात असंख्य हिरवे ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चेतापेशी, आणि प्रत्येकीचा लांबलचक तंतू थेट मेंदूपर्यंत जातो, असं त्यांनी सांगितलं. असे दहा-बारा लाख तंतू मिळून दृष्टिचेता (डोळ्याचे संदेश मेंदूकडे नेणारी नस) बनते. भुवईवर बसलेल्या धक्क्याने आईची तीच नस आत चेंगरली होती.

"पण पेशी जिवंत आहेत ना?"

"आज आहेत. तंतू दुखावला की पेशीचं पोषण तुटतं, मग ती स्वतःच स्वतःला संपवू लागते. काही आठवड्यांत बहुतेक जातील. गेलेली पेशी परत येत नाही, इरा."

पेशींना वाचवणारं एक इंजेक्शन आबांकडे होतं. पण ते नवं होतं, खात्रीचं नव्हतं, आणि डोळ्यात घ्यायचं होतं. आई नको म्हणत होती. नजर आपोआप येईल, थोडं थांबू, हाच तिचा हेका. लेकीपुढे आबांचं काही चालेना.

इरावती आईच्या खाटेवर जाऊन बसली.

"आई, हे नजर आणणारं औषध नाही. पेशी मरू न देणारं आहे. तू थांबलीस तर पुढे दुरुस्त करायला काही उरणारच नाही."

आईने आबांना बोलवायला सांगितलं.

इंजेक्शननंतरही दर तपासणीला काही ठिपके विझलेले दिसत. संगणकाने मोजलेला आकडा इरावती दर वेळी लिहून ठेवायची. चौथ्या आठवड्यात मात्र आकडा जागच्या जागी थांबला. शंभरातल्या सत्तर पेशी वाचल्या होत्या.

आईला त्या डोळ्याने अजूनही दिसत नव्हतं, आणि आबांनी ते लपवलं नाही. तंतू पुन्हा वाढवण्याचे प्रयोग माणसांवर नुकतेच सुरू झाले होते. किती वर्षं लागतील, कोणालाच सांगता येत नव्हतं.

"तोवर या पेशी टिकतील?" आईने विचारलं.

"लक्ष ठेवावं लागेल," आबा म्हणाले.

इरावतीने पुढच्या तपासणीची वेळ विचारून घेतली.